वरची फळी, खालची फळी

"वरून!" तपासणीच्या खोलीतून डॉक्टरांचा आवाज आला.

मी औषधांच्या खिडकीतून वाकून बघितलं. पडदा सारून एक जोडपं बाहेर येत होतं. पुरुष चाळिशीच्या आसपासचा. अंगात पांढराशुभ्र नेहरू शर्ट, बाह्यांची घडी अशी की हात लावला तर कापेल. खाली तशीच विजार आणि डोक्यावर खळ घातलेली टोपी. मागं त्याची बायको, हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेली, जमिनीकडं बघत चालणारी. मी वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान, श्रीकांत म्हेत्रे. विट्यात मेन रोडच्या मागच्या बोळात आमचा दवाखाना होता. डॉक्टर आत तपासायचे आणि बाहेरच्या खिडकीतून औषधं द्यायचं काम माझ्याकडं. माझ्या मागच्या कपाटाला दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर कंपन्यांची चकचकीत चंदेरी पाकिटं, कातडी बॅगा घेऊन येणारे विक्रेते ठेवून जायचे ती. खालच्या फळीवर बरण्या आणि पत्र्याचे डबे. हजार-हजार गोळ्यांचा डबा सांगलीहून घाऊक यायचा आणि मी त्या मोजून कागदाच्या पुडीत बांधून द्यायची. बहुतेक औषधं दोन्हीकडं तीच. दरात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. वरच्या फळीवर आम्हाला जे सुटायचं, त्याच्या जोरावर खालची फळी खरेदीच्या भावात चालायची. कुणाला कुठून द्यायचं ते डॉक्टर पेशंटला नुसतं बघून ठरवायचे आणि आतून ओरडायचे, वरून किंवा खालून.

"गलाईवाल्याला बरणीतली गोळी दिलीस तर तो ती गटारात टाकून कोल्हापूरला जाईल," ते मला म्हणायचे. "आणि हमालाला पाकिटातली दिलीस तर तो दोन दिवसांची घेऊन घरी जाईल. ज्याला जे पचेल ते द्यावं."

"पण विचारावं की एकदा."

"विचारलं की गरीब लाजेनं खोटं सांगतो आणि श्रीमंत लोभानं. बघायचं असतं, शैलजा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही."

गावात त्यांना धर्मात्मा म्हणायचे. मलाही त्याचा अभिमान होता, कशाला खोटं बोलू?

आमच्या भागातले निम्मे लोक गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायला मद्रास, कलकत्ता, पार आसामपर्यंत गेलेले. गावी आले की अशाच बगळ्याच्या पंखासारख्या कपड्यांत फिरणार. त्यामुळं खिडकीशी उभ्या राहिलेल्या या माणसाबद्दल मला जराही शंका आली नाही.

"नाव काय लिहू?"

"हौसाबाई सदाशिव," तो म्हणाला. "पैलं बरं व्हतं वैनी हिचं. आता दोन महिन्यांत तीनदा फेफरं आलं."

डॉक्टर पाठोपाठ बाहेर आले. "फेफरं नाही, फिट म्हणायचं. मेंदूचा आजार आहे, भुताखेताचं काही नाही. गोळीनं थांबतो. सकाळी एक, रात्री एक. एकही चुकवायची नाही. आणि बाईंना विहिरीवर, चुलीपुढं एकटं बसू द्यायचं नाही. जाळाशी अजिबात नको."

"जाळाशी न्हाई तर मग खायाचं काय?" पदराआडून बाई म्हणाल्या.

"गप," नवरा म्हणाला. मी किंमत सांगितली. त्यानं वरच्या खिशातून नोटांची घडी काढली आणि एक शब्द न बोलता मोजून दिली. घासाघीस नाही, कपाळाला आठी नाही.

"मद्रास," ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले.

"कलकत्ता," मी म्हणाले.

हा आमचा खेळ होता. कोण कुठून आलंय ते ओळखायचं, पैज चहाची. दवाखान्यात दिवसभर रडगाणी ऐकायची, तर तेवढाच विरंगुळा.

आषाढात दोघं परत आले. पुन्हा तसेच पांढरे कपडे, या वेळी शर्टाला सोन्याच्या मुलाम्याची बटणं. हौसाबाईंना बाजारातून येताना फिट आली होती. रस्त्यावर पडल्या होत्या, हनुवटी फुटली होती.

"गोळ्या वेळेवर चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय की," सदाशिव म्हणाला. "एक चुकवली न्हाई."

बाईंनी मान वर केली आणि परत खाली घातली. डॉक्टरांनी हनुवटीला टाके घातले, थोडा विचार केला आणि औषध बदललं. ही गोळी लागू पडत नाही, जरा तेज द्यायला हवी, असं ते मला म्हणाले. ती दुसरी गोळी पहिलीच्या दुप्पट किमतीची. अर्थात वरून. सदाशिवनं पैसे मोजले. नोटा या वेळी लहान होत्या आणि खाली चिल्लर होती. मी ती गोळा करून गल्ल्यात टाकली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दसऱ्याआधी तिसरी खेप. या वेळी दोन फिट, त्याही एका आठवड्यात. डॉक्टर खरोखर काळजीत पडले. रात्री जाडजूड पुस्तक काढून वाचत बसले. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक नवंच औषध मागवलं. तेव्हा ते बाजारात नुकतं आलेलं. त्याचा विक्रेता दोनच दिवसांपूर्वी आम्हाला भिंतीवरचं घड्याळ देऊन गेला होता.

"याच्यापुढं औषध नाही," डॉक्टर सदाशिवला म्हणाले. "यानं थांबलं पाहिजे."

"आणि न्हाई थांबलं तर?"

"मग पुण्या-मुंबईचा रस्ता."

तो खिडकीशी आला. मी किंमत सांगितली तेव्हा त्यानं आधी मागं वळून बघितलं. हौसाबाई बाकावर बसल्या होत्या. मग तो अगदी खिडकीच्या गजाला तोंड लावून, हळू आवाजात म्हणाला, "वैनी, ह्यातलीच जरा साधी मिळंल का?"

मी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. अंगात रेशमी झाक मारणारा शर्ट.

"अहो शेठ," मी हसून म्हणाले, "असे कपडे घालून साधी गोळी मागता होय? बायकोच्या औषधात काटकसर करू नये."

तोही हसला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. "तसं न्हवं वो, सहज इचारलं," म्हणाला, आणि दोन पाकिटांऐवजी एक घेऊन गेला. दुसरं पुढच्या आठवड्यात नेतो म्हणाला. जेवताना मी ही गंमत डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, "पैसेवाला उगीच पैसेवाला होत नाही." आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

पुढच्या आठवड्यात तो आला नाही. माझ्या लक्षातसुद्धा राहिलं नाही. दिवाळी तोंडावर आलेली. गलाईवाल्यांनी गाव फुललेलं आणि दवाखान्यात अपचनाच्या पेशंटांची रांग लागलेली.

धनत्रयोदशीच्या सकाळी बाहेर आरडाओरडा झाला. कुणीतरी हातगाड्यावर बाईला घालून आणलं होतं. गाडा ओढणारा माणूस कोळशानं माखलेला. अंगात भोकं पडलेला बनियन, कमरेला मळकं धोतर, पायात काही नाही. बाईचा उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता आणि ती कण्हत होती. लोकांनी उचलून आत नेली. पडदा ओढला गेला. आतून फक्त आवाज येत होते.

"कशानं भाजलं?"

"इस्तरीनं, साहेब. कोळशाची इस्तरी. भरलेली व्हती. हातावर पडली आन् ही तशीच… उचलायला कुणी न्हवतं जवळ."

"किती वेळ?"

बाईच्या किंचाळण्यानं सगळा दवाखाना गार पडला. डॉक्टरांनी भराभर इंजेक्शन मागवलं. मग मलमाचं नाव घेतलं. जेवढ्या वेळात माणसाकडं एक नजर टाकून होते तेवढाच वेळ गेला आणि ते ओरडले, "खालून दे!"

मी डब्यातलं मलम काढून आत गेले आणि दारातच थांबले. गाडा ओढणारा माणूस बायकोचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता. टोपी नव्हती, शर्ट नव्हता, पण तो सदाशिव होता. मी डॉक्टरांकडं बघितलं. ते जखमेवर वाकले होते.

"अहो," मी म्हणाले, "या हौसाबाई आहेत."

त्यांनी मान वर केली. आधी बाईच्या हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणेकडं बघितलं, ती त्यांच्याच हातची. मग सदाशिवच्या बनियनकडं. त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"तुम्ही…" ते म्हणाले. "तुम्ही काय करता?"

चौथ्या खेपेला पहिल्यांदा विचारलं.

"परीट हाय जी. आटपाडीकडनं आलोय. नव्या वसाहतीत गाडा लावतोय इस्तरीचा."

"मग ते कपडे?"

सदाशिवनं मान खाली घातली. "गिऱ्हाइकांचं. डॉक्टरकडं जायाचं म्हंजी मळक्या अंगानं कसं जायाचं? परत जाऊन धुऊन, इस्तरी करून देत व्हतो. कुणाला डाग लावला न्हाई."

गावाची कापडं परटाच्या अंगावर, असं लोक चेष्टेनं म्हणतात. मीही कितीदा म्हटलं असेल. डॉक्टरांनी खाली बघून पट्टी बांधायला सुरुवात केली. हाताचा पंजा पार गेला होता. कातडी इस्त्रीला चिकटून आली होती.

आणि मग सदाशिवनं जे केलं ते मला विसरता येत नाही. त्यानं बायकोचं डोकं हळूच खाली ठेवलं, उठला आणि डॉक्टरांचे पाय धरले.

"साहेब, मला जोड्यानं हाणा. मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमी दोन येळची गोळी दिली, मी एक येळ देत व्हतो. मागनं एक दिवसाआड केली. म्हाग व्हती वो. पाकीट संपूच नये असं वाटायचं. तुमी इचारलं की म्हनायचो एक चुकवली न्हाई. तुमी एवढं चांगलं औशिद बदलून बदलून दिलं आन् मी… मीच भाजलं हिला."

खोलीत आम्ही चौघंच होतो. मी डॉक्टरांकडं बघत होते. मला सगळं कळलं होतं, त्यांना तर माझ्याआधी कळलं असणार. पहिली गोळी लागू पडत होती. ती पुरती पोटात गेलीच नव्हती. फिट आली म्हणून आम्ही महाग गोळी दिली. महाग म्हणून त्यानं कमी दिली. कमी दिली म्हणून पुन्हा फिट. आणि तीच पहिली गोळी, त्याच गुणाची, माझ्या मागच्या खालच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात हजारांनी पडली होती. आम्ही एकदा विचारलं असतं, तर हा माणूस हमालासारखा पुडी बांधून घेऊन गेला असता.

डॉक्टर आता सांगतील, असं मला वाटलं. त्यांचे ओठ हललेसुद्धा.

"उठा," ते म्हणाले. घसा खाकरला. "झालं ते झालं. पुन्हा असं करू नका. डॉक्टरशी खोटं बोलू नये."

सदाशिव हुंदके देत उठला आणि बाईंना गाड्यावर घालून घेऊन गेला. जाताना त्यानं माझ्यापुढंही हात जोडले.

दुपारी ताटावर डॉक्टर भात नुसता कालवत बसले होते. मी वाढणं थांबवलं.

"त्यांना सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"काय सांगायचं?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"गोळी त्यानं चुकवली, शैलजा. मी चुकवली नाही."

"तुम्हीच म्हणता ना, हमालाला पाकीट दिलं तर दोन दिवसांचीच नेतो म्हणून?"

त्यांनी हात धुतला. बराच वेळ टॉवेलला पुसत राहिले. "उद्या गावात झालं की म्हेत्रे डॉक्टर तोंड बघून भाव लावतो, तर वरची फळी कोण घेईल? आणि वरची बंद झाली तर खालची कशी चालेल? शेकड्यांनी माणसं आहेत त्या डब्यांवर."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

त्याच दिवसापासून हौसाबाईंना डब्यातली गोळी चालू झाली. डॉक्टरांनी फुकट द्यायला सांगितली. ड्रेसिंगही फुकट. सकाळी एक, रात्री एक. आणि फिट थांबली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, एकदाही आली नाही. ज्या बाईला बाजारातलं सगळ्यात भारी औषध लागू पडलं नाही, तिला पत्र्याच्या डब्यातल्या गोळीनं बरं वाटलं. डॉक्टर दर ड्रेसिंगला विचारायचे, "आली का?" आणि त्या नाही म्हणाल्या की त्यांचा चेहरा उजळायच्या ऐवजी उतरायचा.

सदाशिव मात्र गावभर आमचे गोडवे गात सुटला. मी एवढा गुन्हा केला तरी डॉक्टरांनी फुकट औषध दिलं, देवमाणूस आहे, असं ज्याला-त्याला सांगायचा. त्यानं गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावणं सोडलं. त्या भोकाच्या बनियनवर थंडीतसुद्धा फिरायचा. दर शनिवारी आमच्या घरचे कपडे मागून घेऊन जायचा, परत आणून द्यायचा आणि पैसे दिले की दोन पावलं मागं सरकायचा.

"तेवढं तरी करू द्या वैनी. माझ्या जिवाला बरं वाटतं."

डॉक्टरांना रोज सकाळी ते शर्ट घालावे लागायचे. ते कपाटासमोर उभे राहून जुना, घरी धुतलेला एखादा सापडतोय का ते शोधत राहायचे. शेवटी मार्गशीर्षातल्या एका रविवारी त्यांनी शर्टाची बटणं लावता लावता हात थांबवला.

"चल," म्हणाले. "आज सांगून टाकू. पायात चप्पल घाल."

"गावाचं काय?"

"गाव गेलं खड्ड्यात. मला हा शर्ट सोसत नाही."

मला एवढं हलकं वाटलं की मी गॅसवरचं दूध तसंच बंद करून निघाले. नव्या वसाहतीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली गाडा होता. सदाशिव कपडे पोचवायला गेला होता. हौसाबाई गाड्यामागं पोत्यावर बसल्या होत्या. उजव्या हाताची बोटं आत वळून तळव्याला टेकली होती. डाव्या हातानं त्या एका शर्टावर पाणी शिंपडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी गडबडीनं पदर सारखा केला.

डॉक्टर गाड्याच्या कडेला, एका उपड्या डब्यावर बसले. त्यांनी काही राखलं नाही. फळ्यांचं सांगितलं. कपड्यांकडं बघून कसं ठरवलं ते सांगितलं. आता घेताय तीच गोळी पहिल्याच दिवशी देता आली असती, तीही चहाच्या पैशांत, हेही सांगितलं. "तुमच्या मालकांची चूक नव्हती, बाई. माझी होती. मी त्यांना माफी मागू दिली, ही त्याहून मोठी."

"आणि माझीही," मी म्हणाले. "त्यांनी साधी गोळी मागितली होती. मी चेष्टा केली."

हौसाबाई ऐकत होत्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. हातातला पाण्याचा तांब्या त्यांनी जपून खाली ठेवला.

"हे त्यास्नी सांगाय आलासा?"

"हो."

"सांगू नगासा."

डॉक्टरांना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "अहो, तो माणूस स्वतःला जाळून घेतोय. त्याला सुटू द्या."

"सुटंल की," त्या म्हणाल्या. "म्हनूनच सांगू नगासा."

मग रस्त्याकडं एक नजर टाकून त्या भराभर बोलायला लागल्या. त्यांच्या सासूनं आटपाडीत दुसरी मुलगी बघून ठेवली होती. फेफऱ्याची बायको, मूल नाही, कशाला ठेवायची? सदाशिव आधी ऐकत नव्हता. पण सगळ्यात भारी औषधसुद्धा गुण देईना, डॉक्टरनंही पुण्या-मुंबईचा रस्ता दाखवला, तेव्हा सासू म्हणाली, एवढी म्हाग गोळी लागू पडंना म्हंजी हे देवाचंच हाय, ह्याला मानसाचा इलाज न्हाई.

"दिवाळीच्या पाडव्याला मला म्हायेरी सोडायचं ठरलं व्हतं. ह्यांनी बी मान हलवली व्हती. मी दाराआडनं बघितली." त्यांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर उचलून ठेवला. "मग हात भाजला. हे घरी गेलं आन् आईच्या तोंडावर म्हनालं, मी भाजलंय हिला, मीच सांबाळनार, परत नाव काढायचं न्हाई. तवापास्नं माझी येनीफनी बी हेच करत्यात."

"पण आता फिट थांबली आहे," डॉक्टर म्हणाले. "आता कशाला पाठवतील?"

"फिट थांबली. हात कुठं आला? एका हाताची परटीन कोन ठेवनार, डॉक्टर?" त्या माझ्याकडं वळल्या. "तुमी बाईमानूस हायसा. तुमी सांगा. त्येंच्या जिवाला चूक लागलीया तवर मी ह्या घरात हाय. ती काढून घेतली तर माझ्याजवळ काय ऱ्हातं?"

डॉक्टर दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसले होते. त्यांची चूक त्यांना परत हवी होती आणि ती आता त्यांची राहिली नव्हती.

तेवढ्यात सदाशिव आला. खांद्यावर रिकामं बोचकं, अंगात तोच बनियन. आम्हाला बघून त्याचा चेहरा एकदम फुलला.

"अगं बया, डॉक्टर! आन् वैनी! हितं धुळीत कशाला बसलासा? निरोप धाडायचा की. आलो असतो."

डॉक्टर उठले. त्यांनी तोंड उघडलं. हौसाबाईंची नजर त्यांच्यावर होती.

"हात बघायला आलो होतो," मी म्हणाले.

"देवमानूस," सदाशिव म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "माझ्या पापाची तुमी एवढी काळजी करता."

तो धावत जाऊन समोरच्या हॉटेलातून चहा घेऊन आला. आम्हाला कप दिले. मग हौसाबाईंच्या पुढ्यात उकिडवा बसला, चहा बशीत ओतला, फुंकर घालून निववला आणि बशी स्वतःच्या हातानं त्यांच्या ओठाशी धरली.

"बघा डॉक्टर," तो मान न वळवता म्हणाला, "हिला कप बी धरता येत न्हाई. माझ्यामुळं, न्हवं का?"

डॉक्टरांच्या कपातला थोडा चहा त्यांच्या शर्टावर सांडला. त्यांनी तिकडं बघितलं नाही.

"हो," ते म्हणाले. "जपा त्यांना."

हौसाबाईंनी डोळे मिटून बशीतला चहा संपवला.